सोमवारी न सुटणारे जोड

चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची रीत काही फक्त राजेरजवाड्यांची नव्हे. कसालला हमरस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्येही ती गेले दोन महिने बिनबोभाट चालू होती. संन्यासी म्हणजे सारिका पेडणेकर.

या शेडमध्ये टर्बाइन इंजिनाच्या पात्यांवर बसवायचे सेन्सर तपासत. पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, त्याला वायर बांधून चालत नाही. सेन्सरने नऊशे अंशांच्या धगीत बसून आतली खबर बिनतारी बाहेर पाठवायची. त्या सेन्सरला केसासारखी बारीक प्लॅटिनमची तार जोडायचं काम सारिकाचं. तिचे वडील मालवणात सोनारकाम करीत. त्यांच्या शेजारी बसून मंगळसूत्रांचे फासे जोडता जोडता तिचा हात असा बसला होता, की भिंगाखालीसुद्धा तो कधी थरथरला नाही. आणि नेमक्या त्याच हाताला आता नावं ठेवली जात होती.

सेन्सर तपासायची भट्टी सकाळी नऊला लागे, साडेबाराच्या सुमारास नऊशेला पोचे, आणि तेव्हाच सेन्सरचा संदेश तुटे. अर्ध्या तासाने आपोआप परत येई. शेडचा प्रमुख सुदेश माणूस देवासारखा, पण एकदा त्याचं मत झालं की ब्रह्मदेवाच्या बापालाही ते बदलता येत नसे. त्याने निदान करून टाकलं: तापलं की जोड उघडतो, मग पुन्हा बसतो. कंपनीच्या बंगळूर कचेरीतल्या चंदनसाहेबांना तसं कळवूनही झालं. साहेबांनी जोडणीचं यंत्र मागवलं. ते आलं की सारिकाने खोकी बांधायच्या टेबलावर बसायचं, असं ठरलं.

खोकी बांधण्यात कमीपणा आहे असं सारिकाला वाटत नव्हतं. पण वडिलांनी शिकवलेला हात खोटा ठरणार, हे तिला सोसवेना. तिची एक वही होती. प्रत्येक जोडाची तारीख, कधी तपासला, टिकला की नाही, सगळं तिने लिहिलेलं. एका मंगळवारी ती वही घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिली. गेले आठ सोमवार, आठही दिवस संदेश अखंड. बाकी रोज बोंब. सोमवारी वीज चांगली असेल, म्हणून ती गप्प बसली असती, पण मधला एक मंगळवारही निर्दोष निघाला. त्या चौकोनात इवलासा गणपती छापला होता. अंगारकी.

आता यंत्राला कसला वार नि कसली संकष्टी! पण माणसाला असते, आणि सुदेशला तर भारीच कडक. उपासाच्या दिवशी तो दोन केळ्यांवर दिवस काढी. सारिका एकटीच हसली.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला तिने कामातून मान वर केली. सुदेशने बायकोने दिलेला स्टीलचा डबा नेहमीसारखा भट्टीच्या कोमट माथ्यावर ठेवला. बांगड्याची कढी गार खाण्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं, हे त्याचं ब्रीद. डबा बसला तो संदेश पकडणाऱ्या अँटेनाला अगदी खेटून, आणि पडद्यावरची संदेशाची रेघ खाली कोसळली. सारिकाने उठून डबा उचलला. रेघ वर. पुन्हा ठेवला. रेघ खाली.

"काय करतंस गो? गरम होवंक दी मरे!" सुदेश ओरडला.

"सुदेशदादा, हयसर पडद्यार बघा. आणि माका सांगा, सोमवारी तुमी काय खातास?"

"केळी..." म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे दोन म्हयने माझ्या कढयेन..."

"कढयेन नाय, डब्यान."

सुदेशने कपाळाला हात लावला. पण माणूस सरळ. कढीला न शिवता त्याने तिच्यासमोरच चंदनसाहेबांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि शुद्ध मराठीत सांगितलं, "साहेब, चूक माझी होती. म्हणजे माझ्या जेवणाच्या डब्याची." साहेब मूळचे बांद्याचे, त्यांना कढीचं महत्त्व पटवून द्यावं लागलं नाही. ते पोट धरून हसले. मग गंभीर झाले.

"सारिकाताई, खरं सांगा. तुमचा जोड एकदाही सुटलेला नाही?"

सुदेशने तिला डोळ्यांनी खुणावलं: नाही म्हण. बाजी हातात आली होती, एका शब्दाचं काम होतं. सारिकाने वही उघडली.

"सुटलेत, साहेब. दोनशे चौदांपैकी दोन. ते संदेश परत आलेच नाहीत. तारेला माझ्या बोटाचा घाम लागला होता. तिथे डबा नव्हता, चूक माझी."

सुदेशने डोळे मिटून घेतले.

"यंत्र तर येणारच," साहेब म्हणाले, तशी सारिकाने वही मिटली. "पण ते स्वतःचे सुटलेले जोड सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचे. तुमची सही झाल्याशिवाय त्याचं एकही काम शेडच्या बाहेर पडणार नाही. चालेल?"

सारिकाला हो म्हणायचं होतं. पण हे ऐकायला वडील हवे होते, असं तिला वाटलं, आणि सुदेशसमोर, फोन चालू असताना, ती खुशाल रडू लागली.

साहेबांनी दोनदा विचारलं, "चालेल ना?" शेवटी सुदेशच ऑफिसची मराठी विसरून फोनवर वाकला.

"चलात म्हणता ती, साहेब. जरा रडान होवंक द्या."