फळीखालची एकोणचाळीस पावलं

माझी काच तडकली आहे, बंद तुटला आहे, तरीही मी बोलणार आहे, मित्रांनो. मी पावलं मोजणारा एक जुना मनगटी पट्टा आहे. माझ्यामुळे एका माणसाचं हाड मोडलं.

माझा जन्मच आदळआपटीत झाला. कारखान्यात मला फरशीवर टाकलं, पाण्यात बुडवलं आणि एका लोखंडी दांड्याला बांधून गदागदा हलवलं. दांडा पुढे गेला की म्हणायचं, एक पाऊल. झालं माझं शिक्षण. पाय कसा असतो ते मला कुणी दाखवलंच नाही.

मग मी एका गोदामात आलो. तिथे सगळ्या कामगारांना पट्टे मिळाले. तासाला पाचशे पावलं भरलीच पाहिजेत, असा नियम होता. मी बांधला गेलो ढकलगाडीवाल्याच्या मनगटावर. उंच म्हणून सगळे त्याला लांबटांग्या म्हणत. खोक्यांनी भरलेली गाडी तो दिवसभर या टोकापासून त्या टोकाला न्यायचा. टाचा झिजून चपला कागदासारख्या झाल्या होत्या. पण हात गाडीच्या दांड्यावर घट्ट. मनगटच हलेना, तर मी मोजू काय? तासाला साठ, फार तर सत्तर. उलट त्याची धाकटी बहीण टेबलाशी बसून खोक्यांना चिकटपट्ट्या लावायची, तर तिच्या पट्ट्यावर सहाशे.

"दादा, बसल्या बसल्या तुला मागे टाकलं बघ," ती चिडवायची.

तो हसायचा. मुकादम हसत नव्हता. पहिल्या दिवशी त्याने शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी कानाखाली वाजवली. तिसऱ्या दिवशी त्याने मनगट पिरगाळून माझा आकडा मोठ्याने वाचला, "एकसष्ट. उद्यापासून येऊ नकोस. घरी बसून चाल."

"साहेब, पट्टा चुकतोय. माझे पाय बघा."

"मशीन खोटं आणि तू हरिश्चंद्र होय रे?"

मुकादमाने लाकडी खोक्याची फळी उचलली. पहिला फटका पाठीवर बसला. दुसऱ्याने लांबटांग्या गुडघ्यांवर आला. तोंड वाचवायला त्याने हात वर केले, तशी फळी मनगटावर बसू लागली. हाड कडकन मोडलेलं मी ऐकलं. आणि मी काय केलं, मित्रांनो? मी मोजलं. प्रत्येक फटक्याला हिसका, प्रत्येक हिसक्याला पाऊल. तो लादीवर तडफडत होता आणि मी त्याला चालवत होतो. शंभर भरले तसा, दर शंभराला लावतो तसाच, मी हिरवा दिवा लावला आणि थरथरून त्याला शाबासकी दिली.

बहिणीने त्याच्यावर अंग टाकलं. एक फटका तिच्या तोंडावर बसला. आरडाओरडा ऐकून मालक जिना उतरून आले. ओठातून रक्त येत होतं, तरी तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"एकसष्ट होते, आता शंभर आहेत. माझा भाऊ पडलाय, मालक, आणि हा म्हणतो चाललाय."

मालकांनी मला बराच वेळ न्याहाळलं. मग अलगद सोडवून मुकादमापुढे धरलं. "घाल. गाडी ढकल, शंभर पावलं."

मुकादम गाडी ढकलू लागला. बहीण मागून मोठ्याने मोजत होती. तिचे शंभर झाले. माझे सात वाढले.

सगळं गोदाम बघत होतं. मुकादमाने मला हिसडून काढलं आणि मांडणीच्या लोखंडी कोपऱ्यावर दोनदा आपटलं. माझी काच गेली, पण आकडा सगळ्यांनी वाचला होता.

लांबटांग्याची नोकरी राहिली. मनगट मात्र वाकडंच जुळलं. मुकादमाला दुसऱ्या गोदामात पाठवलं, तिथेही म्हणे पट्टे आहेत.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. माझा आकडा वाचण्याआधी, मी ज्या हाताला बांधलोय तो हात काय काम करतोय, तेवढं बघा. आणि तो आकडा दाखवून कुणी फळी उचलली, तर मध्ये पडा. मी मध्येच होतो, आणि मला मोजण्यापलीकडे काही येत नव्हतं.