हात लावून सांगितलेली माती

मामांना ऑफिसात सगळे 'तराजू' म्हणायचे, आणि तेही तोंडदेखलं नव्हे, मनापासून. माती तपासणीच्या खात्यात उभा जन्म घालवलेला माणूस. ओल्या मातीचा गोळा अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये धरायचा, दाबत दाबत त्याची पट्टी पुढे सरकवायची, डोळे मिटायचे आणि सांगून टाकायचं: यात चिकणमाती एवढी, वाळू एवढी, उरलेला गाळ. मग तोच नमुना प्रयोगशाळेत जायचा आणि तिथली मंडळी बरण्या हलवून हलवून शेवटी तोच आकडा काढायची. निकाल यायचा त्या दिवशी मामा मुद्दाम प्रयोगशाळेत चहाला जायचे. एवढा शिष्टपणा होताच त्यांच्यात, आणि का नसावा?

तर अशा या माणसाच्या बोटांना गेल्या पावसाळ्यापासून काही म्हणजे काही कळेनासं झालं होतं.

साखरेचं दुखणं जुनंच. आधी तळपाय बधिर झाले, ते मामांनी मनावर घेतलं नाही. पायांनी कोण माती ओळखतो? मग बोटांची टोकं गेली. शर्टाची बटणं बघून बघून लावावी लागायला लागली. एकदा चहाचं पातेलं नुसत्या हाताने उचललं आणि कातडी जळल्याचा वास आला तेव्हा कुठे खाली ठेवलं. मामी म्हणाली, "लक्ष कुठे असतं हो तुमचं?" मामांनी लक्ष नव्हतं हे ताबडतोब कबूल करून टाकलं. वेंधळा म्हणवून घेणं परवडलं.

ऑफिसात मात्र काम बिनबोभाट चाललं होतं. कारण माती काही नुसत्या बोटांनीच कळत नाही. ती बसली आहे कुठे, यावरून अर्धीअधिक कळते. टेकडीच्या माथ्यावर पातळसा थर आणि खाली लगेच मुरूम. पाणी तिथे थांबायला तयार नसतं. मधल्या उतारावर तपकिरी, बेताच्या खोलीची, गुणी माती. आणि पायथ्याला, जिथे वरचं सगळं पाणी येऊन बसतं, तिथे काळी, खोल, चिकण. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि डोक्यावर बांधलेलं घर सुखाने उभं राहू देत नाही. मामा आधी उतार बघायचे, गवत बघायचे, भेगा बघायचे आणि मग गोळा बोटांत धरून डोळे मिटायचे. ते डोळे मिटणं आता निव्वळ नाटक होतं. पण सांगितलेलं बहुतेक बरोबर निघायचं, आणि चुकलंच तर लोक प्रयोगशाळेवर शंका घ्यायचे. मामांना याची लाज वाटायची. रोज वाटायची. पण उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत तो उद्या काही उजाडत नव्हता.

आणि अशात भाचीचं घर निघालं.

भाची म्हणजे ठमी. तिची आई, मामांची बहीण, लवकर गेली, त्यामुळे ही मामांच्याच घरी वाढली. सुट्टी लागली की मामांच्या मागे तपासणीच्या खड्ड्यात उतरायची आणि कोपरापर्यंत चिखल माखून घरी यायची. नवरा बस चालवणारा, सरळ माणूस. दोघांनी पै पै जोडून टेकडीच्या उतारावर एक तुकडा बघितला होता. "मामा हात लावेल तेव्हाच घ्यायचा," ठमीने नवऱ्याला बजावून ठेवलं होतं.

मामा माती वर काढायचं गिरमिट घेऊन गेले. जागा मधल्या उतारावर, एका सपाट पायरीवर. वरची माती छान तपकिरी. खालच्या कुंपणाचे खांब तेवढे सगळे एकाच बाजूला कलले होते. रोवणाऱ्याने कामचुकारपणा केला असेल, मामा स्वतःला म्हणाले. गिरमिट फिरवून कमरेइतक्या खोलीवरून नमुना वर काढला, तो जरासा काळपट दिसला. ओल असेल. मग गोळा केला, बोटांत धरला, दाबला. दुसऱ्या कुणाचे तरी हातमोजे घातल्यासारखं वाटत होतं. समोर जावईबापू हाताची घडी घालून बघत होते आणि ठमी त्यांना कोपराने ढोसत होती, "बघा आता, बघा."

"प्रयोगशाळेत पाठवू," एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटली नाही. मामांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "पोयटा आहे. खाली मुरूम लागेल. बिनघोर बांधा."

पायाचे चर खणून झाले त्या सकाळी मामा सहज बघायला म्हणून गेले. काँक्रीटची गाडी निघाली होती. मिस्त्री फोनवर तिला रस्ता सांगत होता, जावई सळ्या मोजत होते, आणि ठमी नसलेल्या स्वयंपाकघरात नसलेल्या खिडकीपाशी उभी राहून ऊन कुठून येईल ते बघत होती.

मामांनी चरात डोकावलं. तपकिरी माती होती ती गुडघाभर. वरच्या उतारावरून वाहत आलेली, पांघरुणासारखी पसरलेली. तिच्याखाली जिथवर खणलं होतं तिथवर काळी. पाचरीच्या आकाराची ढेकळं, आणि त्यांच्या पाठी घासूनपुसून ठेवलेल्या तव्यासारख्या चकचकीत. फुगताना आणि आकसताना ही माती स्वतःवरच सरकते, म्हणून ती चकाकी येते. मामांनी नव्या भरतीच्या पोरांना ती शंभरदा दाखवली असेल. इथे कधीकाळी ओढ्याचा खळगा असणार, तो भरला आणि वरून झाकला गेला. कुंपणाच्या खांबांनी ओरडून सांगितलं होतं की.

"मिस्त्री, गाडी जरा थांबवा," मामा म्हणाले.

"आता? अहो, निघाली ती."

ठमी आली. "काय झालं, मामा?"

"काही नाही गं. हा कोपरा जरा वेगळा वाटतोय. इथे थोडी चिकण लागलीय. मी गिरमिट मारलं ते तिकडे, वरच्या अंगाला. तिथे अशी नव्हती."

बोलता बोलता मामांना हायसं वाटलं. सुटलो. घरही वाचलं, नावही वाचलं, वेगळा कोपरा म्हणून भागलं. निर्लज्जपणा कसा बेमालूम जमतो बघा, सवय लागली की.

पण जावई साधा माणूस. साध्या माणसांचं हेच अवघड असतं, ती सांगितलेलं खरं धरतात. ते लगेच म्हणाले, "मग सोपं आहे. घरच वरच्या अंगाला सरकवू. मामांनी हात लावून बघितलंय तिथे. मिस्त्री, पुन्हा आखा, चर नवे घेऊ. गाडी उद्या बोलवा."

"चालेल," मिस्त्री म्हणाला.

ठमी हसली. "बघा, मामा आला म्हणून बरं झालं."

वरच्या अंगालाही हेच होतं. तो काळपट नमुना आता त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. दोन वर्षांत ठमीच्या भिंती फाटतील, दारं चौकटीत अडकतील, आणि ती म्हणेल, मामाने हात लावून सांगितलं होतं, मग मिस्त्रीनेच काहीतरी घोळ केला असणार. मिस्त्रीशी भांडेल ती. मामांवर तिचा संशयसुद्धा जाणार नाही. हे मनात आलं तेव्हा मात्र मामांना जमिनीने पोटात घेतलं तर बरं असं झालं.

"तिथेही हीच आहे," ते म्हणाले.

"काय?"

"वरही काळीच आहे. सगळी जागा काळी आहे. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"अरे, पण तू तर हात लावून..."

"हाताला कळत नाही, ठमे." मामा खाली बघत होते. "बोटांची टोकं गेली आहेत. मी नुसता डोळे मिटून उभा होतो."

मिस्त्रीने फोन खिशात घातला आणि उगाच पलीकडे जाऊन दोरी गुंडाळायला लागला. जावई सळ्यांकडे बघत राहिले. ठमी चरात उतरली. तिने तळाचं एक ढेकूळ उचललं, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, मळलं आणि मामांनीच लहानपणी शिकवली होती तशी अंगठ्याने पट्टी काढायला लागली. पट्टी निघत गेली. तुटेना. बोटावरून खाली लोंबायला लागली तरी तुटेना.

"लोण्यासारखी लागतेय," ती म्हणाली. "खरखर अजिबात नाही. ही तर मलासुद्धा कळली असती, मामा. मला विचारायचं होतंस."

भाचीसमोर रडू येईल की काय अशी भीती वाटून मामा मातीच्या ढिगावर बसले.

"कधीपासून?"

"गेल्या पावसाळ्यापासून."

काँक्रीटची गाडी आली. जावई तिला परत पाठवायला रस्त्याकडे गेले. ड्रायव्हर कावला, हॉर्न वाजवला, दोघांची बोलाचाली झाली. ठमी चरातच उभी होती.

"गेल्या पावसाळ्यापासून," ती म्हणाली. "मग आणखी कुणाकुणाला सांगितलंस?"

हा प्रश्न मामांनी स्वतःला कधी पडू दिला नव्हता. नमुने प्रयोगशाळेत जात होते त्यांचं ठीक. पण ओळखीपाळखीची माणसं, जाता जाता विचारणारी, घरी बोलावून चहा पाजून विचारणारी, त्यांचे नमुने कुठे गेले होते? त्यांना मामांचा हात पुरत होता.

"टेकडीच्या पलीकडच्या अंगाला बालवाडी आहे," मामा म्हणाले. "तिची मागची भिंत. वरवर तपकिरी दिसली म्हणून बिनघोर बांधा म्हणालो. अगदी पायथ्यालाच आहे गं ती."

ठमी वर आली. तिने हात धुतला नाही. "ऊठ. गिरमिट घे."

वाटेत ती मागे न बघता पुढे चालत राहिली. रागावून ओरडली असती तर मामांना बरं वाटलं असतं.

बालवाडीत मधली सुट्टी होती. बाईंनी मामांना लांबूनच ओळखलं आणि लगबगीने फाटक उघडलं. "या, या. भिंत बघायला आलात? मुलांनो, इकडे या. हे बघा कोण आलंय. हे ना, नुसता हात लावून कुठलीही माती ओळखतात."

पोरं धावत आली. एका चिमुरडीने अंगणातली मूठभर माती उचलून मामांच्या तळहातावर ठेवली आणि मान वर करून बघत राहिली. "ओळखा."

"मला नाही ओळखता येत," मामा म्हणाले.

बाई हसल्या. त्यांना थट्टाच वाटली. मुलंही हसली.

"खरंच नाही येत, बाई," मामा म्हणाले. "तेच सांगायला आलोय. आधी मुलांना भिंतीपासून लांब घ्या, मग सगळं सांगतो."