मखमलीची उलटी लव

देवाने माणसाला दोन हात दिले आणि तिसरा मागायची लाजही दिली. पण पडदे शिवणाऱ्या बाईने तिसरा हात मागितलाच, तर देव रागावणार नाही. फार तर म्हणेल, "अगं, दुसऱ्याचा आहे ना शेजारी, तो बघ की आधी."

ताईने मात्र शेजारी कधी बघितलं नाही. सतरा वर्षं तिने पडद्यांचं दुकान चालवलं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. मध्ये कापायचं टेबल, भिंतीला दोन मशिनं, कोपऱ्यात उभे केलेले कापडाचे तागे, आणि दारापाशी खुर्चीत सासूबाई. सासूबाईंचं काम पडदे टांगायचे पितळी आकडे निवडून डब्यात टाकायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला न मागता सल्ला द्यायचं. नवरा लांबच्या फेऱ्यांवर ट्रक चालवायचा. तो घरी येई तेव्हा झोपायला येई, आणि ताईला त्याचा हेवा वाटे.

दुसऱ्या मशिनवर गप्पी. ती काही बोलत नाही म्हणून सासूबाईंनी ठेवलेलं हे नाव. चौदा वर्षं झाली तिला तिथे. शिवण तिची अशी, की टाका कुठे संपला ते शोधायला भिंग लागावं. पण कात्रीला तिचा हात कधी लागला नव्हता. कापणं ताईचं. सुरुवातीच्या दिवसांत एका गिऱ्हाईक बाईशी बोलता बोलता ताईने पडदा वीतभर आखूड कापला होता. तेव्हापासून दुकानात एकच कायदा होता: कात्री चालू, तोंड बंद. कायदा इतका मुरला होता, की ताई कापायला उभी राहिली की सासूबाईसुद्धा खोकला दाबून धरायच्या.

शेजारच्या गाळ्यात एका मुलीने फुलांचं दुकान काढून तीन महिने झाले होते. ती रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं की दारात येऊन उभी राहायची.

"ताई, आज काय शिकवताय?"

"अगं, मी काय मास्तरीण आहे?" ताई उजवा खांदा दाबत म्हणायची. दोन महिने तो खांदा वर उचलताना आतून कुणीतरी खिळा ठोकल्यासारखा दुखत होता. "बरं, ऐक. कुणी मोठं काम घेऊन आलं की तोंडावर हो म्हणू नकोस. उद्या सांगते म्हण. रात्रीतून आपल्यालाच कळतं, जमेल की नाही ते. आणि माप कधी गिऱ्हाइकाच्या तोंडून घेऊ नकोस, स्वतः जाऊन घे. आणि वेळेवर जेव."

"ही स्वतः चार वाजता जेवते," सासूबाई डब्यात आकडा टाकत म्हणाल्या. "तेही सांग तिला."

"आई, तुम्ही आकडे निवडा."

"निवडतेय बाई. सून निवडताना एवढं लक्ष दिलं असतं तर!"

फुलवाली हसली. ताईलाही हसू आलं, पण ते अर्ध्या वाटेतच दमलं.

त्या आठवड्यातलं मोठं काम म्हणजे नव्या सभागृहाच्या रंगमंचाचा पडदा. गडद लाल मखमल, आठ पट्टे, चार डावीकडे, चार उजवीकडे. शनिवारी सभागृहाचं उद्घाटन. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "पडदा मनासारखा झाला तर खिडक्याही तुम्हालाच. एकशे वीस खिडक्या आहेत." एकशे वीस खिडक्या म्हणजे दोघींना वर्षभराचं काम. आणि ते नाही मिळालं, तर गप्पीला दुसरीकडे काम बघ म्हणून सांगावं लागणार होतं. ताईने हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण खांद्याइतकंच ते तिला रोज दुखत होतं.

या कामाला हो म्हणताना तिने एक रात्रही जाऊ दिली नव्हती. सल्ला देणं सोपं. स्वतःचा सल्ला स्वतःच्या कानापर्यंत पोहोचायला फार लांबचा रस्ता असतो.

आता मखमलीचं एक असतं. तिला लव असते. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर खरखरीत. सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला हवी. एखादा पट्टा उलटा लागला तर उजेडात त्याचा रंगच वेगळा दिसतो. पडदे शिवणाऱ्या बाईला हे शिकवायला लागत नाही, पोहणाऱ्याला पाणी ओलं असतं हे सांगण्यासारखं ते आहे.

सोमवारी ताईने चार पट्टे कापले. मग दवाखान्याच्या माणसाने त्यांच्या पडद्यांसाठी तासभर घेतला, मग सासूबाईंचं औषध आणणं, मग जेवण राहिलंच. परत येऊन तिने उरलेली चार पट्ट्यांची मखमल टेबलावर ओढली. पट्ट्याची वरची बाजू दाखवणाऱ्या खडूच्या खुणा करायच्या तर तागा उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला न्यायला हवा होता. खांदा नाही म्हणाला. मग तिने कापडच फिरवून घेतलं. दुसऱ्या टोकाला गप्पी कापड धरून उभी होती. कात्री चालली. खोलीत फक्त तिचाच आवाज.

मंगळवार-बुधवार दोघींनी शिवलं. डावा पडदा गप्पीने, उजवा ताईने. तयार झाला तसा घडी करून चादरीत गुंडाळला. एवढी मोठी मखमल उघडून बघायला दुकानात जागा तरी कुठे होती?

गुरुवारी दुपारी सभागृहात पडदा चढला. शिडीवरचे लोक खाली उतरले, कुणीतरी दिवे लावले.

डावा पडदा पिकलेल्या जांभळासारखा गडद. उजवा उन्हात विटलेल्या ओढणीसारखा फिका.

ताईने एका नजरेत ओळखलं. उजव्या बाजूची लव उलटी होती.

व्यवस्थापक बाई चष्मा सारखा करत पुढे आल्या. "हे... दिव्यांमुळे असेल ना? त्या बाजूचे दिवे नवीन आहेत."

आता बघा. देव परीक्षा घेतो म्हणतात. पण कधीकधी देव नुसता बाजूला उभा असतो, आणि कुणीतरी भला माणूस आपल्या हातात खोटं बोलायची किल्ली ठेवून जातो. एक 'हो' म्हणायचं होतं. दिवेवाला दिवे बदलत बसला असता. तोपर्यंत शनिवार उजाडला असता.

ताई इतकी दमली होती, की खोटं बोलायलाही लागते तेवढी ताकद तिच्यात नव्हती.

"दिवे बरोबर आहेत," ती म्हणाली. "मी चुकले. अर्धं कापड उलटं कापलंय."

बाईंनी दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत काय होणार असेल ते बघा. नाहीतर मी जुना पडदा लावते. खिडक्यांचं आपण मग बोलू." 'मग' हा शब्द त्यांनी हळू ठेवला, पण तो जड होता.

त्या गेल्यावर ताई पुढच्या रांगेतल्या खुर्चीत बसली. गप्पी शेजारी उभी. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या.

"तुला कळलं होतं?" ताईने विचारलं. का कोण जाणे, पण विचारावंसं वाटलं.

"हो."

"कधी?"

"तुम्ही कापड फिरवलंत तेव्हाच."

"आणि बोलली नाहीस?"

गप्पीने तिच्याकडे असं बघितलं, जणू पाणी ओलं का असतं ते कुणी विचारतंय. "कात्री चालू होती ना."

"अगं, पण कात्री थांबल्यावर?"

"मग कापून झालं होतं. आणि मला वाटलं, तुम्ही मुद्दाम केलं असेल. तुम्ही चुकाल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही."

ही शेवटची गोष्ट ताईला जास्त लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शिवण्याआधी गप्पी दोन शब्द बोलली असती, तर पट्टे नुसते फिरवून शिवता आले असते. पाच मिनिटांचं काम. त्या दोन शब्दांना कुलूप कुणी लावलं होतं, हे विचारायला बाहेर जायची गरज नव्हती.

"मग आता फिरवू या की," गप्पी म्हणाली.

"काय?"

"उजवा पडदा. पट्टे सरळच आहेत, वर-खाली सारखे. वरची चुण्यांची पट्टी उसवायची, खालची दुमड उसवायची, आणि उलटा टांगायचा. मधल्या शिवणींना हात लावायला नको. खालची दुमड थोडी अरुंद होईल. बसलेल्याला दिसणार नाही. सुईची भोकं वाफेने बुजतील."

चौदा वर्षांत गप्पी एका दमात एवढं कधी बोलली नव्हती. ताईने मनात पडदा उलटा करून बघितला. बरोबर होतं.

ती दुकानात वाफेची इस्त्री आणि मशिन आणायला गेली, तेव्हा सासूबाईंनी तिचं तोंड बघूनच विचारलं, "काय झालं?"

ताईने सांगितलं. म्हातारी आकड्यांचा डबा मांडीवर घेऊन ऐकत राहिली.

"म्हणजे ती बघत होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"मीही बघत होते. पण मला मखमलीतलं काय कळतं. आणि मी तर खोकलासुद्धा गिळते या दुकानात." मग जरा थांबून, "जा आता. जेवून जा म्हटलं असतं, पण तू ऐकणार नाहीस."

ताई थांबली. दोन घास खाल्ले. सासूबाईंना एवढं आश्चर्य वाटलं, की त्या पुढचा टोमणाच विसरल्या.

त्या रात्री सभागृह त्यांच्यासाठी उघडंच ठेवलं होतं. दोघींनी रंगमंचाच्या लाकडी जमिनीवर उतरवलेला उजवा पडदा पसरला आणि उसवायला बसल्या. मखमल उसवणं म्हणजे झोपलेल्या लेकराच्या केसांतली गाठ सोडवणं. ओढलं की गेलं. तासाभराने ताईचा हात वर जाईना. तिने उसवायची सुई खाली ठेवली.

"तू कर," ती म्हणाली. "मी इस्त्री धरते."

"इस्त्री जड आहे. तुम्ही ब्रश घ्या, लव उभी करा. बसून."

मालकिणीला कुणीतरी बसायला सांगितलं. ताई बसली. ब्रश फिरवताना डोळे मिटत होते. राग येईल असं तिला वाटलं होतं. आली ती झोप. कितीतरी वर्षांची झोप, नेमकी रंगमंचाच्या दिव्याखाली, खिळ्यांच्या पेटीला टेकून. गप्पीने उठवलं नाही. पट्टी आणि दुमड तिने एकटीनेच परत शिवली.

शुक्रवारी अकराला पडदा पुन्हा चढला. दिवे लागले. दोन्ही बाजू एकाच रंगाच्या. व्यवस्थापक बाई मागच्या रांगेपर्यंत चालत गेल्या, तिथून बघितलं, पुढे आल्या, खालची अरुंद दुमड हाताने उचलून बघितली. त्यांना ती दिसली होती. त्यांनी ती सोडली आणि म्हणाल्या, "तळमजल्याच्या खिडक्या सध्या. चाळीस. वरच्यांचं ते बघून ठरवू. मापं आजच घ्याल?"

वर्षाचं काम चार महिन्यांवर आलं होतं. पण चार महिने दोन मशिनं चालणार होती. ताईने तोंड उघडलं आणि थांबली.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

बाईंनी भुवया उंचावल्या. गप्पीनेही.

"म्हणजे, काम घेतलं. मापं रविवारी, उद्घाटन झाल्यावर. आज आम्ही दोघी घरी जाऊन झोपणार आहोत."

रविवारी सकाळी दोघी सभागृहात आल्या. ताई टेप धरून खिडकीच्या चौकटीशी उभी, गप्पी वहीत लिहीत होती. सातव्या खिडकीला ताईने आकडा सांगितला आणि पुढे सरकली.

"ताई, थांबा," गप्पी मागून म्हणाली. "टेप वाकडी धरलीत. परत मापा."

ताईचा खांदा ठणकत होता. क्षणभर तिच्या ओठांवर तो जुना कायदा आला. तिने तो गिळला, मागे वळली, आणि टेपचं दुसरं टोक गप्पीच्या हातात दिलं.

"धर," ती म्हणाली. "आणि बोलत राहा."