उधाणाची वेळ

दुबईच्या खाडीकाठी आमचं मैदान होतं. तिथे सामन्याची वेळ रेफ्री नव्हे, मी ठरवायचो. मी बदरुद्दीन, जयगडच्या तांडेलाचा, गलबत हाकणाऱ्याचा मुलगा. हमदुल्लाशेठच्या कापडाच्या दुकानात कारकून, आणि त्यांच्या फुटबॉल टीमचं मैदान सांभाळणारा. उधाणाला भरतीचं पाणी थेट गोलपोस्टपर्यंत चढायचं, आणि पाण्यातलं माझ्याइतकं तिथे कुणालाच कळत नव्हतं. मी सांगेन ती वेळ दोन्ही टीम मुकाट मानत.

सदुसष्ट साली शेठनी वेसेलीला कोच म्हणून आणलं. ऑस्ट्रियाचा माणूस. तरुणपणी व्हिएन्नात डाव्या बाजूने खेळायचा, गुडघा गेल्यावर कोच झाला. स्वित्झर्लंड, हॉलंड, ग्रीस, तुर्कस्तान, शेवटी कुवेत. नऊ क्लब झाले आणि नऊही ठिकाणी नारळ मिळाला. माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. बॅगेतले कपडे त्याने कपाटात कधी लावलेच नाहीत. मी विचारलं तर म्हणाला, "कशाला? परत भरायचेच ना."

चालताना, जेवताना, बोलताना, सदा दमलेला. पण आमच्या खेळाडूंना त्याने पास द्यायला शिकवलं, गोलकीपर हमीदचं मोडलेलं बोट स्वतः बांधलं. मला माणसं सहसा आवडत नाहीत. हा आवडला.

मग आम्ही सलग चार सामने हरलो. शेठ मला म्हणाले, "बदरू, फ्रायडेला हरला तर कोच खलास. त्याचं टिकट काढून ठेव."

मी तिकीट काढलं नाही. शुक्रवारी अमावास्येचं उधाण होतं. सामना दुपारी अडीचला ठेवायला हवा होता, मी साडेचारची वेळ दिली. हरायला लागलो तर पाणी येऊन सामना बंद पडेल, पुन्हा खेळायचा ठरेल, तोवर याची नोकरी टिकेल. माझं डोकं एवढंच चाललं.

हाफटाइमला आम्ही दोन गोलांनी मागे होतो. पाणी आधी कॉर्नरला आलं, मग हमीदच्या घोट्यापर्यंत. बॉल तरंगायला लागला तेव्हा रेफ्रीने शिटी मारली. "खलास. मॅच पुन्हा होईल." शेठ खूश झाले, मी त्यांच्याहून खूश.

वेसेली पाण्यातून चालत माझ्याकडे आला.

"तुझी वेळ कधी चुकत नाही, बदरू. तुला माहीत होतं."

"हो साहेब."

तो वळला, समोरच्या कॅप्टनशी हात मिळवला आणि रेफ्रीला सांगितलं, मॅच हे जिंकले. मग शेठकडे जाऊन दोन मिनिटं बोलला. परत आला तेव्हा बूट त्याच्या हातात होते.

"साहेब, तुमच्यासाठीच केलं हे," मी म्हणालो. मला त्याचा राग आला होता आणि रडूही येत होतं.

"माहीत आहे. नऊ ठिकाणी मला काढलं. आज मीच सांगितलं, जातो म्हणून. फार दमलोय रे."

शनिवारी मी तिकीट काढायला निघालो. दारात थांबून विचारलं, "कुठलं काढू?"

तो बॅग बंद करत होता. "व्हिएन्नाचं," म्हणाला.

आठ महिने आम्ही शेजारी राहिलो. घरी जायचंय का, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.