रूक्सबद्दलची शंका

टेसने तेलाचं तापमान तिसऱ्यांदा पाहिलं. तीनशे पन्नास फॅरनहाइट. मघाशीही तेवढंच होतं. तिने थर्मामीटर पुसला, पुन्हा तेलात बुडवला आणि मग स्वतःचाच राग येऊन बाजूला ठेवून दिला.

गॅरेजचं दार वर केलेलं होतं. आत तिचे वडील व्हर्न घडीच्या खुर्च्या उघडत होते, शेजारचे ओडेल प्रुइट टीव्हीची वायर लावत होते, आणि चुलतभाऊ ब्रॉडी टेबलाच्या बरोबर मध्ये मायक्रोफोन बसवत होता.

"हे काय?" टेसने विचारलं.

"यंदा सगळी चर्चा थेट जाणार." ब्रॉडी दिवसा टायर विकायचा आणि संध्याकाळी गाडीत बसून संघाबद्दल पॉडकास्ट करायचा. "लोकांना आपलं गॅरेज ऐकायचंय. दोन हजार श्रोते आहेत."

"अठराशे," व्हर्न म्हणाले. "त्यातले तीन आपणच."

ओडेल हसले. टेसने टेंडरलॉइनचा, म्हणजे डुकराच्या मांसाचा, एक चपटा तुकडा पिठात घोळवला आणि तेलात सोडला.

आठ वाजता अमेरिकन फुटबॉलची वार्षिक निवड सुरू होणार होती. बत्तीस संघ पाळीपाळीने कॉलेजातली पोरं उचलणार. गेल्या मोसमात ज्याने जास्त माती खाल्ली, त्याची पाळी आधी. त्यांच्या इंडियानापोलिसच्या संघाने माती खाल्ली होती, पण मनापासून नाही, त्यामुळे पाळी तेरावी. व्हर्नच्या गॅरेजात या दिवशी एक नियम असायचा. कुणीही एखाद्या पोराचं नाव घेतलं की बाकीच्या प्रत्येकाने त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट आणि एक शंका सांगायची. गप्प बसायची मुभा नाही. एकोणीस वर्षांपूर्वी नुसती आरडाओरड व्हायला लागली, तेव्हा व्हर्ननी हा नियम काढला होता. टेस तेव्हा चौदा वर्षांची होती, आणि तिच्या शंका सगळ्यांत जास्त टोकदार असायच्या. पुढे पुढे तर ती आलेख काढून आणायची.

यंदा तिने आलेख आणले नव्हते.

ती अकरा वर्षं एमआरआयच्या मशीनवर काम करत होती. दर फेब्रुवारीत कॉलेजातली तीनशेएक पोरं शहरात येतात, धावतात, उड्या मारतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे सांधे तिच्या हॉस्पिटलात तपासले जातात. दर वर्षी ती एका कागदावर सही करायची: इथे पाहिलेलं इथेच राहील. दहा वर्षं ते सोपं गेलं, कारण तिच्या मशीनमध्ये आलेल्या पोरांची नावं या गॅरेजात कुणी घेत नव्हतं. यंदा तिच्या मशीनमध्ये टॅव्हियन रूक्स आला.

रूक्स लांबचे पास झेलणारा. एकवीस वर्षांचा, हडकुळा, पायाला स्वस्थता नाही. त्याचा अंगठा हलत राहिला म्हणून तिला तीच चित्रं दोनदा घ्यावी लागली. डाव्या गुडघ्यात, मांडीच्या हाडाच्या टोकावर जे गुळगुळीत कूर्चेचं आवरण असतं, ते नाण्याएवढ्या जागेत नव्हतंच. निदान करणं तिचं काम नव्हे. पण अकरा वर्षं तेच पाहिल्यावर डोळे परवानगी मागत नाहीत. मशीनमधून बाहेर येताना त्याने विचारलं, "कसं दिसतंय?" आणि ती म्हणाली, "डॉक्टर सांगतील." तो तिच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघत राहिला.

बत्तीसही संघांच्या डॉक्टरांनी ती चित्रं पाहिली होती. म्हणजे तिने तोंड उघडून संघाचं काही भलं होणार नव्हतं. पोराचं नाव मात्र गावभर झालं असतं, आणि तिची नोकरी गेली असती. हिशेब सरळ होता. अडचण एवढीच की त्या पोरावर व्हर्नचा जीव जडला होता.

डिसेंबरात त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. आठ आठवडे खुर्चीत बसून त्यांनी रूक्सचे कॉलेजातले सगळे सामने पाहिले. रोज साडेसहाला टेसला फोन यायचा: आज अमुक सामना पाहिला, पोराने काय झेललंय म्हणून सांगू. फेब्रुवारीपर्यंत ती तासतासभर वाद घालायची. नंतर ती हवेबद्दल विचारू लागली, फिजिओथेरपीबद्दल विचारू लागली. एप्रिल लागला तसे फोन दोन-तीन मिनिटांत आटपायला लागले.

"चला, सुरू करा," व्हर्न म्हणाले. "ओडेल, तू पहिला."

ओडेलनी शहराची बस एकतीस वर्षं चालवली होती आणि त्यांना मैदानावरही ब्रेक चांगले हवे असायचे. त्यांनी पुढच्या फळीतल्या एका दांडग्याचं नाव घेतलं. "एकशे पंचेचाळीस किलो. पास फेकणाऱ्या आपल्या पोराला कुणी हात लावणार नाही. पास झेलणारे मागाहून कितीही मिळतात."

"चांगली गोष्ट: दारातून आत येणार नाही," ब्रॉडी म्हणाला. "शंका: बाहेरही जाणार नाही. टेस, तू?"

टेस टेंडरलॉइन उलटत होती. "चांगली गोष्ट म्हणजे शरीर. भिंत आहे नुसती, कुठे तडा नाही. शंका, पाय जरा संथ."

तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तो दांडगा तिच्या मशीनमध्ये आलाच नव्हता. तिने त्याला टीव्हीवर पाहिलं होतं, एवढंच. पण हे टेबलावरच्या कुणाला माहीत नव्हतं. सगळ्यांबद्दल गप्प राहिली असती तर तिच्या गप्प राहण्याला अर्थ उरला नसता. आता एकाचं शरीर चांगलं म्हणून झालं होतं. पुढच्याबद्दल काहीच न बोलणं हेही बोलणंच ठरणार होतं.

"माझा रूक्स," व्हर्न म्हणाले. त्यांनी एवढंच म्हटलं आणि पाठ टेकली, जणू बाकीचं काम पोरगा स्वतः करेल.

"हात चांगले," ओडेल म्हणाले. "शंका: वारा आला तर उडून जाईल. व्हर्न, अरे तुझ्या नव्या खुब्याचं वजन त्याच्यापेक्षा जास्त असेल."

"वेग चांगला," ब्रॉडी म्हणाला. "शंका माझी नाही, इंटरनेटची आहे. कुणी म्हणतं गुडघा, कुणी म्हणतं घोटा, कुणी म्हणतं काहीच नाही." त्याने मायक्रोफोन दोन बोटांनी टेसच्या दिशेने सरकवला. "आता ऐका हं, मंडळी. ही माझी बहीण, आणि फेब्रुवारीत ही कुठे काम करत होती माहितीये..."

"ब्रॉडी," टेस म्हणाली.

"हॉस्पिटलचं नाव नाही घेत गं. तू फक्त शंका सांग. नियमच आहे."

"त्याचा संघ दुबळ्या संघांविरुद्ध खेळला."

"बस? हे तर माझ्या दुकानातला पोपटही सांगेल. तू मागच्या वर्षी पोराच्या उडीचा आलेख आणला होतास. एवढ्यातच शंका संपली?"

"संपली."

"म्हणजे गुडघा ठीक आहे असं समजू?"

तिने झारा धरला होता त्या हाताला तेलाचा थेंब लागला, तरी तिने हात हलवला नाही. ठीक आहे म्हणावं तर ते खोटं, आणि ते अठराशे लोकांना सांगणं, त्या कागदावर सही केलेली असताना. ठीक नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. आणि 'सांगता येत नाही' म्हणावं, तर भिंत आणि तडा मघाशीच याच मायक्रोफोनमधून गेले होते. तिने तिन्ही वाटा पुन्हा तपासल्या. चौथी दिसेना.

"बघा, गप्प," ब्रॉडी मायक्रोफोनला म्हणाला. "टेस व्हँडिव्हर गप्प. हे मी आयुष्यात पहिल्यांदा..."

"तिने एकही सामना पाहिलेला नाही," व्हर्न म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. ते टेसकडे बघत नव्हते. बोटाने टेबलावरचे ब्रेडचे कण गोळा करत होते.

"मी हिवाळाभर रोज फोन केला तिला. रूक्सचं नाव काढलं की ही हवेबद्दल बोलते. आज पाऊस आहे का, उद्या ऊन आहे का. तिचा जीव उडालाय या खेळावरून. आम्हाला बरं वाटावं म्हणून येते आणि मांस तळते. भिंत काय आणि तडा काय, टीव्हीवर ऐकलेलं म्हणून दाखवते. तिला काय विचारता?"

आवाज शांत होता, आणि म्हणूनच तो टेसला जास्त लागला. कारण यातलं खोटं नेमकं किती, ते तिला मोजता येईना. फोनचं खरं होतं. हवेचं खरं होतं. ते तिला वाचवत होते की दोन महिन्यांचं साठलेलं एकदाचं बोलून टाकत होते?

"खरं का गं?" ओडेलनी विचारलं. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं.

तिने वडिलांकडे पाहिलं. ते अजून कणच गोळा करत होते.

"हो, मिस्टर प्रुइट," ती म्हणाली. "खरं तर गेलं वर्षभर मला यात फारसा रस नाही. कसं सांगावं कळत नव्हतं."

"आता सांगितलंस ते बरं केलंस, थेट प्रक्षेपणात," ब्रॉडी म्हणाला, पण त्याचाही चेहरा उतरला होता. त्याने मायक्रोफोन परत आपल्याकडे घेतला आणि स्वतःच्या पसंतीचं नाव घेऊन मोठ्याने बोलू लागला.

तेलाखालची आच बंद करून ती ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. मोहरीच्या सॉसची बाटली सापडत नव्हती. ती फ्रिजच्या दारातच होती. मागून काठीचा आवाज आला.

"डॅड, ऐक..."

"नको," व्हर्न म्हणाले. "मलाही सांगू नकोस. आज नाही, पुढेही नाही. मी विचारलं तरी नाही."

"पण तू जे बोललास..."

"निम्मं खरं होतं." त्यांनी तिच्या हातातली बाटली घेतली. "मला वाटत होतं की सगळंच खरं आहे. मघाशी ब्रॉडीने गुडघ्याचं विचारलं, तेव्हा तुझं तोंड पाहिलं आणि कळलं." ते दाराशी थांबले. "लोक आता मला विचारतील, पोरगी का येत नाही म्हणून. पुढच्या वर्षी तू आलीस तर कसं दिसेल, तेही बघावं लागेल."

ती ताट घेऊन त्यांच्या मागोमाग गॅरेजात आली.

निवड सुरू झाली. पहिल्या सहा पाळ्यांत आश्चर्य वाटावं असं काही घडलं नाही. आठव्या पाळीला ओडेलचा दांडगा दुसऱ्या संघाकडे गेला आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. टेस गॅरेजच्या कडेला उभी राहून भांडी पुसत होती, कोरडीसुद्धा. दुसऱ्या कुणीतरी रूक्सला घ्यावं असं तिला वाटे, आणि लगेच वाटे, कुणीच घेतलं नाही तर ते पोर टीव्हीसमोर कसं बसून राहील? बाराव्या पाळीपर्यंत त्याला कुणी घेतलं नाही. ब्रॉडी मायक्रोफोनला सांगत होता की हे विचित्र आहे, फार विचित्र आहे.

"बस इथे," व्हर्न म्हणाले आणि शेजारची खुर्ची काठीने पुढे सरकवली. "रस नसला तरी बस."

ती बसली. मंचावरच्या माणसाने तेराव्या पाळीचा कागद उघडला आणि टॅव्हियन रूक्सचं नाव वाचलं.

ब्रॉडीची खुर्ची उलटली. ओडेल व्हर्नच्या पाठीवर थापा मारत होते, जणू निवड त्यांनीच केली होती. टेस मोजत होती: डॉक्टरांनी पाहिलं, तरी घेतलं. म्हणजे त्यांना एखादी शस्त्रक्रिया दिसत होती, किंवा चार चांगली वर्षं दिसत होती, किंवा कुणीतरी डॉक्टरांचं ऐकलं नव्हतं. यांतलं कोणतं, ते तिच्या चित्रात कुठेच नव्हतं.

पडद्यावर रूक्स मंचाकडे चालत येत होता. निळी टोपी, नवा सूट, तीन पायऱ्या. ती त्याच्या डाव्या पायाकडे बघत होती. तो पहिल्या पायरीवर कोणता पाय आधी टाकतो, दुसरीवर किती वेळ थांबतो. मग तिला जाणवलं की व्हर्न पडद्याकडे बघतच नाहीयेत. त्यांच्या लाडक्या पोराचा सबंध आयुष्यातला हा एक क्षण, आणि ते तिचे डोळे बघत होते, पायरीपायरीने कुठे जातात ते.

तिने डोळे उचलले आणि रूक्सच्या टोपीवर ठेवले.

"हात चांगले आहेत त्याचे," ती म्हणाली.

"हो," व्हर्न म्हणाले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि ते पडद्याकडेही वळले नाहीत.