नोराच्या गिरणीतला उजेड

लढाई संपली आणि आमच्या जवसाच्या धाग्याला कुणी विचारीनासं झालं. बेलफास्टचे व्यापारी यायचे थांबले. निळ्या फुलांच्या शेतांत बटाटे आले. ओढ्याकाठची नोरा मॅकग्रोरीची गिरणीही थांबायला हवी होती. पण नोरा रोज सकाळी पाटाचं दार उचलायची. पाणी उतरायचं, मोठं चाक कुरकुरत जागं व्हायचं आणि आत लाकडी पाती रिकामीच फिरत राहायची. ती शेजारी मोजे विणत बसायची.

माझे बाबा, मॅनस, याच पात्यांवर जवसाच्या काड्या झोडून धागा काढत म्हातारे झाले होते. छातीत त्या काड्यांची धूळ कायमची बसलेली. काम नव्हतं तरी तेही तिथे जाऊन बसायचे. त्या घरघरीत दोघांनाही डुलकी लागायची.

एके दिवशी बाबांनी मोडक्या लॉरीचा डायनामो ढकलगाडीवरून तिथे नेला.

"मालकीणबाई, चाक फुकट फिरतंय. याला पट्टा लावू, घरात दिवे लागतील."

"डोकं फिरलंय का तुझं? हे चाक जवसासाठी आहे."

"जवस कुठाय?"

नोराने पाठ फिरवली. "चालायला लाग. आणि ते लोखंडही ने."

थंडीत बाबांनी अंथरूण धरलं. नोरा सूप घेऊन आली. खोलीत रॉकेलचा धूर कोंदला होता आणि बाबांना खोकल्याची उबळ आली होती.

"हा दिवा कशाला पेटवतेस गं?" ती माझ्यावर खेकसली.

"मग अंधारात ठेवू त्यांना?"

तिने दिव्याची वात खाली केली. मग म्हणाली, "मॅनस, ते लोखंड कुठे टाकलंयस?"

लोहाराने डायनामो चाकाला जोडला आणि ओढ्यावरून आमच्या घरापर्यंत तार ओढून दिली. संध्याकाळी आमच्या छताला तांबूस उजेड आला. पाण्याच्या ओघाबरोबर तो वाढायचा, मंदावायचा, पुन्हा वाढायचा.

"बघ, दिवा घोरतोय गं," बाबा हसून म्हणाले, आणि त्या उजेडात झोपले.

वसंताआधीच ते गेले. नोराने आमची तार काढली नाही. पुढे विजेचे सरकारी खांब गावात आले, तेव्हा एका दुपारी तिने स्वतःच पाटाचं दार खाली सोडलं. मी शेजारी उभी होते. चाक हळूहळू थांबलं. पाणी पाटात साचून गप्प झालं आणि थोड्या वेळाने त्यावर दोन रानबदकं उतरली.

"बसू दे त्यांना," नोरा म्हणाली.