पेशी मऊ होते तेव्हा

मी कोलेस्टेरॉलचा एक जुना रेणू आहे. माझं नाव काढलं की लोक ताटातलं तूप बाजूला सारतात. पण मित्रांनो, माझ्यावाचून तुमच्या अंगातली एकही पेशी धड राहणार नाही.

मी शैलाच्या यकृतात जन्मलो. शैला भाईंदर पश्चिमेला राहायची आणि स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंग करायची. रक्तातून फिरत मी तिच्या स्तनातल्या एका पेशीच्या पडद्यात येऊन बसलो. हा पडदा म्हणजे लिपिडांच्या, म्हणजे स्निग्ध रेणूंच्या, दोन रांगा. त्यांच्या फटींत आम्ही घट्ट बसायचं आणि पडदा सैल पडू द्यायचा नाही. ते काम मी मनापासून केलं. कौतुक कोणी केलं नाही, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

मग ती पेशी बिघडली. एकीच्या अनेक झाल्या, कुणाचं ऐकेनात. २००६ च्या दिवाळीत फराळ करताना शैलाच्या हाताला स्तनात गाठ लागली. डॉक्टरीणबाईंनी सुई घालून तपासायला सांगितलं.

छातीशी बसलेल्या मला घरातलं सगळं बोलणं ऐकू यायचं. शैलाची नणंद दुर्गा म्हणाली, "सुई लावली की गाठ बिथरते. आमच्या बिल्डिंगमधल्या बाईचं तेच झालं."

"डॉक्टर म्हणाल्या, सुईने काही पसरत नाही," शैला म्हणाली.

तिचा नवरा गुणवंत रत्नागिरीचा. तो म्हणाला, "शिमग्याला गावी जातोयच ना, देवीला कौल लावू. ती हो म्हणाली की लगेच सुई."

"दुखत तर नाहीये," शैला म्हणाली. "थांबूया."

मला ओरडावंसं वाटलं. गाठ बाहेरून सुपारीसारखी कडक होती, पण माझी पेशी आतून मऊ पडत चालली होती. तिने आम्हाला पडद्यातून उचलून आतल्या चरबीच्या थेंबात कोंडलं आणि आमच्या जागी वाकड्या शेपटीची लिपिडं आणून बसवली. ती दाटीवाटीने बसूच शकत नाहीत. पडदा लिबलिबीत झाला.

एका दुपारी शैला डबे कागदात गुंडाळत होती, तेव्हा पेशीने एका रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या फटीत अंग घातलं. फट तिच्याहून कितीतरी अरुंद होती. पडदा ताठ असता तर ती कदाचित तिथेच अडकली असती. ती मळलेल्या कणकेसारखी लांबली आणि निसटली. थेंबात कोंडलेला मीही तिच्याबरोबर गेलो. रक्तातून वाहत आम्ही शैलाच्या मणक्यात उतरलो. मी फार घाबरलो होतो.

शिमग्याला सगळे गावी गेले. गुरवाने देवीच्या अंगावर फुलं चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं. उजवं फूल पडलं. देवीचा होकार आला. गुणवंतच्या डोळ्यांत पाणी आलं. शैलाची पाठ दुखत होती, पण सगळ्यांना वाटलं एसटीच्या प्रवासाने दुखतेय.

परतल्यावर सुई झाली, हाडांचे फोटो झाले. गुणवंतने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "सुईमुळेच पसरलं ना?"

"नाही हो. सुईच्या आधीच हाडात गेलं होतं. दिवाळीतच सुई करून घेतली असती तर..."

आता शैला अंथरुणावर आहे. गोळ्यांनी दुखणं कमी होतं, आजार नाही. काल दुर्गा पायाशी बसून रडत होती. शैलाची मुलगी मनाली शाळेतून नुकतीच आली होती.

"वन्सं, रडू नका," शैला म्हणाली. "हिला कधी असं काही झालं, तर आधी दवाखान्यात न्या. देवीला नंतर सांगा."

दुर्गाने मनालीला जवळ ओढलं.

मित्रांनो, शैला गेली की मीही तिच्याबरोबर जाईन. माझं काही नाही. पण तुमच्या आईला न दुखणारी गाठ लागली, तर त्याच दिवशी तिचा हात धरून तिला डॉक्टरकडे न्या. देवीने होच म्हटलं होतं. पेशी तेवढी थांबली नाही.